वॉरंटी कशाने जाते, ते लिहून द्या

मोटारसायकल कंपन्यांच्या सेवा विभागांना आणि त्यांच्या सुरतेतील अधिकृत सर्व्हिस सेंटरांच्या चालकांना खुले पत्र

महोदय, महोदया,



नव्या गाडीत कोणते इंजिन ऑईल घालायचे, हा प्रश्न खरे तर पाच मिनिटांत सुटावा. त्याचे उत्तर आपल्याच पुस्तिकेत छापलेले असते. तरीही लिंबायत, डिंडोली, नवागाम, उधना, पांडेसरा या भागांत राहणाऱ्या आम्हा मराठी माणसांच्या दारात नवी मोटारसायकल आली, की हा प्रश्न पुढची काही वर्षे पाठ सोडत नाही. कारण आपल्या काउंटरवर त्याला एकच उत्तर मिळते: "बहारनुं ऑईल नाख्युं तो वॉरंटी गई." बाहेरचे म्हणजे नेमके कुठले आणि वॉरंटी गेली ती कुठल्या कलमाने, असे विचारले की समोरचा माणूस मागच्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

हे वाक्य आमच्यावर इतके चालते, त्याचे कारण आमच्या परिस्थितीत आहे. इथली बहुतेक मराठी कुटुंबे खानदेशातून, भुसावळ-सुरत रेल्वेच्या वाटेने आलेली. कुणी लूमवर, कुणी डाईंग मिलमध्ये, कुणी हिऱ्याच्या कारखान्यात. गाडी हप्त्यावर घेतलेली असते आणि ती सकाळी सचिन जीआयडीसीला पोचवते, संध्याकाळी घरी आणते. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तीच गाडी दोन माणसे आणि पिशव्या घेऊन बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर करत कोंडाईबारीचा घाट चढते. इंजिनचे काम निघाले तर महिन्याचे सारे गणित कोलमडते. अशा माणसाला "वॉरंटी जाईल" म्हटले, की तो पुढे विचारत नाही. आपण सांगाल ते तेल, आपण सांगाल त्या भावात घालून घेतो. हा धाक बंद व्हावा आणि त्याच्या जागी माहिती मिळावी, एवढे मला मागायचे आहे.

आधी पुस्तिकेत काय असते ते पाहू. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत तेलाच्या पानावर तीन गोष्टी असतात. पहिली एसएईची ग्रेड: शंभर-सव्वाशे सीसीच्या पुष्कळ गाड्यांना १०डब्ल्यू-३०, रॉयल एनफिल्डच्या ३५० ला १५डब्ल्यू-५०, अशी. दुसरी एपीआयची पातळी: एसजे, एसएल, एसएम, एसएन अशी अक्षरे. तिसरी जासोची, म्हणजे जपानी मानकाची खूण: एमए, एमए२ किंवा एमबी. त्याखाली किंवा शेजारी आपल्या नावाच्या तेलाची शिफारस असते. शिफारस करायला कुणाचीच हरकत नाही. पण पुस्तिका आधी दर्जा सांगते आणि मग नाव सुचवते, तर काउंटरवर नावच तेवढे सांगितले जाते आणि दर्जाबद्दल कुणी बोलत नाही. आमची पहिली तक्रार हीच आहे आणि बाकीच्या बहुतेक तक्रारी तिच्यातूनच निघतात.

आपल्या नावाचे तेलही आपण स्वतः गाळत नाही. ते वंगणतेल बनवणाऱ्या कंपन्यांकडून, ठरवून दिलेल्या दर्जाप्रमाणे मिसळून आणि डब्यात भरून घेतलेले असते. त्यात वाईट काही नाही, सगळ्या जगात असेच चालते. सुरतेहून दोन-अडीच तासांवर सिल्वासाला कॅस्ट्रॉल आणि गल्फ यांचे तेल मिसळण्याचे कारखाने आहेत. असल्या कारखान्यांतून निघालेले, त्याच ग्रेडचे आणि त्याच जासो खुणेचे तेल उधन्याच्या दुकानात सीलबंद मिळत असताना ते "बाहेरचे" म्हणून वाईट कसे ठरते, हे आम्हाला कुणीतरी समजावून सांगायला हवे.

आता त्या तीन गोष्टींबद्दल थोडे सविस्तर लिहितो. आपल्याला हे सगळे माहीत आहे. पण हे पत्र गाडीवालेही वाचतील, आणि आपल्या काउंटरवर जे सांगितले जावे असे मला वाटते ते किती सोपे आहे, तेही यातून दिसेल.

१०डब्ल्यू-३० मधला 'डब्ल्यू' थंडीचा. १०डब्ल्यू तेलाची थंडीतली चाचणी उणे २५ अंशांवर होते, १५डब्ल्यूची उणे २० वर, २०डब्ल्यूची उणे १५ वर. सुरतेच्या हिवाळ्यात पहाटेही पारा यांच्या आसपास फिरकत नाही. म्हणजे या पहिल्या आकड्यावरून इथे गाडी सुरू होण्याचेच अडेल, असे नाही. फरक एवढाच, की सकाळी पहिली किक मारल्यावर पातळ तेल लवकर वर पोचते. दुसरा आकडा शंभर अंशांना तेल किती घट्ट राहते ते सांगतो. ३० चे तेल त्या तापमानाला साधारण ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या दरम्यान असते, ४० चे १२.५ ते १६.३ आणि ५० चे १६.३ ते २१.९. सहारा दरवाजाच्या कोंडीत मे महिन्यात अडकलेल्या एअर कूल्ड इंजिनाला वारा मिळत नाही, तेव्हा महत्त्व असते ते या दुसऱ्या आकड्याला. आमच्याकडे गॅरेजवाले सर्रास म्हणतात, "उन्हाळा आहे, जाड टाका." हा सल्ला बरोबर की चूक, ते इंजिनावर अवलंबून असते. पातळ तेलासाठी आखलेल्या इंजिनात तेलाच्या वाटा, पंप, बेअरिंगमधली फट हे सगळे त्या हिशोबाने केलेले असते. तिथे ५० चे तेल घातले तर गाडी जड वाटते, ॲव्हरेज कमी होते आणि वरच्या भागात तेल उशिरा पोचते. उलट ५० साठी बनवलेल्या मोठ्या इंजिनात ३० चे तेल घालणे धोक्याचे. काही कंपन्यांच्या पुस्तिकेत हवेच्या तापमानाप्रमाणे कोणकोणत्या ग्रेड चालतील याचा तक्ताच दिलेला असतो. तो तक्ता मोठा छापून सर्व्हिस सेंटरच्या भिंतीवर लावायला किती खर्च येईल? मी तरी सुरतेत तो कुठल्या भिंतीवर पाहिलेला नाही.

एपीआयच्या अक्षरांनीही माणसे विनाकारण घाबरतात. पुस्तिकेत एसएल लिहिलेले असते आणि दुकानात डब्यावर एसएन दिसते. गाडीवाल्याला वाटते, हे वेगळे तेल आहे, वॉरंटी जाईल. एसएल ही पातळी २००१ ची, एसएम २००४ ची, एसएन २०१० ची, एसपी २०२० ची. पेट्रोल इंजिनांच्या या मालिकेत नवी पातळी जुनीची जागा घेऊ शकते, असे एपीआयच सांगते. तेव्हा ग्रेड आणि जासोची खूण जुळत असेल, तर एसएलच्या जागी एसएन घालण्यात घाबरण्यासारखे काही नाही. हे एक वाक्य आपल्या सल्लागाराने सांगितले, तर पुष्कळ लोकांची झोप सुधारेल.

सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी सांगितली जाणारी गोष्ट तिसरी. मोटारकारमध्ये इंजिनाचे तेल इंजिनापुरते असते. आपल्या बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांना एकच तेल लागते, तेही लहान गाडीत जेमतेम लिटरभर. तेवढ्याच तेलाला बोअर थंड ठेवायचा असतो, गिअरचे दात सांभाळायचे असतात आणि त्यातच बुडालेल्या क्लच प्लेटा घसरू द्यायच्या नसतात. कारच्या तेलात इंधन वाचावे म्हणून घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेली असू शकतात. ती ओल्या क्लचला मारक ठरतात. म्हणून जपानी कंपन्यांनी १९९८ मध्ये जासो टी ९०३ हे मानक आणले. एमए आणि एमए२ ओल्या क्लचसाठी, आणि एमबी कमी घर्षणाचे, ज्या स्कूटरमध्ये क्लच तेलात बुडालेला नसतो तिच्यासाठी. सुरतेत घराघरात एक स्कूटर आणि एक गिअरची गाडी असते. स्कूटरसाठी आणलेल्या एमबीच्या डब्यातले उरलेले तेल मोटारसायकलमध्ये ओतले, की काही दिवसांनी रेस वाढते पण गाडी ओढत नाही. चढावर, उड्डाणपुलावर ते लगेच कळते. मग क्लच प्लेटा बदला, खर्च करा. हे नुकसान कुठल्याही ब्रँडच्या तेलाने होईल, आपल्या ब्रँडच्या एमबी तेलानेसुद्धा. म्हणजे गाडीवाल्याला ब्रँडचे नाव सांगून आपण त्याला वाचवत नाही. त्याला डब्यावरची एमए२ ची चौकट कशी ओळखायची हे दाखवले, तर वाचवता. त्या चौकटीत नुसती अक्षरे नसतात, तेलाचा नोंदणी क्रमांकही असतो. तो पाहून घ्या, एवढे सांगायला अर्धे मिनिटही लागत नाही.

तुमच्या बाजूनेही मला बोलले पाहिजे. तुमची भीती खोटी नाही. ट्रान्सपोर्टच्या गोदामातून ट्रकचे डिझेल इंजिनचे तेल स्वस्तात आणून मोटारसायकलमध्ये घालणारे आहेत. नामांकित कंपन्यांच्या रिकाम्या डब्यांत भलतेच तेल भरून विकणारे आहेत. डबा फेकताना त्याला भोक पाडा, असे आम्हीही शेजाऱ्यांना सांगतो. तेल वेळेवर बदलायचेच नाही, काटा खाली गेला तरी टॉप-अप करायचा नाही आणि इंजिन जाम झाल्यावर वॉरंटी मागायची, असे लोकही आमच्यातच आहेत. त्यांचा भुर्दंड कंपनीने सोसावा, असे मी म्हणत नाही. चुकीच्या तेलाने बिघाड झाला असेल, तर तो बिघाड वॉरंटीत बसत नाही, हे मला मान्य आहे. माझे म्हणणे एवढेच आहे, की 'चुकीचे तेल' आणि 'दुसऱ्याचे तेल' या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि आपल्या काउंटरवर त्या एक करून सांगितल्या जातात.

हे वेगळेपण कायद्यानेही पाहिले आहे. शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटारकार कंपन्यांविरुद्ध आदेश दिला आणि सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला. ते प्रकरण चारचाकींचे होते आणि त्यावर पुढे अपिलेही झाली. पण त्या आदेशातील एक निर्देश आपल्या प्रत्येक सर्व्हिस सेंटरने वाचावा असा आहे. बाहेरच्या गॅरेजात काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द होईल, अशी अट कंपन्यांनी घालू नये. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल, तीही परिस्थितीने ते स्पष्ट दाखवले तर. कारला लागू केलेले हे तत्त्व हप्त्यावर मोटारसायकल घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत कमी न्याय्य कसे ठरेल?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. एक वस्तू किंवा सेवा मिळवायची तर दुसरी घेतलीच पाहिजे, अशी सक्ती त्यातील व्याख्येत प्रतिबंधक व्यापारी प्रथा ठरते. अमेरिकेत तर १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायद्यापासून हे अधिक ठळकपणे सांगितलेले आहे: अमुकच ब्रँडची वस्तू वापरली तर वॉरंटी टिकेल अशी अट घालायची असेल, तर ती वस्तू कंपनीने फुकट द्यावी, नाहीतर तिथल्या व्यापार आयोगाची खास परवानगी घ्यावी. जून २०२२ मध्ये त्याच आयोगाने हार्ले-डेव्हिडसनवर कारवाई केली आणि बाहेरचे सुटे भाग किंवा बाहेरचे गॅरेज वापरल्याने वॉरंटी जात नाही, हे कंपनीला ग्राहकांना स्पष्ट शब्दांत सांगायला लावले. ती तर मोटारसायकलचीच कंपनी. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले आणि त्यात वाहन उद्योगही आहे. वारे कुठल्या दिशेने वाहते आहे, ते आपल्यालाही दिसत असेल.

म्हणून पहिली मागणी. आपल्या वॉरंटी पुस्तिकेत एक ओळ ठळक छापा: पुस्तिकेत दिलेली ग्रेड, एपीआय पातळी आणि जासो खूण असलेले कुठलेही सीलबंद तेल वापरले आणि बिल जपले, तर तेवढ्या कारणावरून वॉरंटी जाणार नाही. आपल्याच नावाचे तेल लागेल असे आपले ठाम मत असेल, तर वॉरंटीच्या काळात ते तेल विनामूल्य द्या. पहिल्या सर्व्हिसांना 'फ्री' म्हणतात, पण फुकट असते ती मजुरी. तेलाचे पैसे बिलात असतातच.

दुसरी मागणी नकाराबद्दल आहे. माझ्या ओळखीच्या एका तरुणाची गाडी धूर टाकू लागली, तेल खाऊ लागली. त्याने एकदा तेल गावाकडे, खानदेशात बदलले होते. ग्रेड बरोबर, जासो बरोबर, दुकानाचे छापील बिल हातात. सर्व्हिस सेंटरने बोअर-पिस्टन उघडून पाहण्याआधीच वॉरंटी नाकारली. का नाकारली, ते कागदावर द्यायला तयार नव्हते. तो लूमवर काम करतो. भांडायला रजा काढली तर त्या दिवसाची मजुरी जाते. शेवटी त्याने पदरच्या पैशाने काम करून घेतले. महोदय, नाकारण्याचा अधिकार आपल्याला आहे, पण न पाहता नाकारण्याचा नाही. इंजिन उघडावे, तेलाचा नमुना ग्राहकासमोर बाटलीत काढून सील करावा, खराब झालेला भाग दाखवावा आणि त्या तेलाने हा बिघाड कसा झाला, ते दोन ओळींत लिहून, सही-शिक्का करून द्यावे. रिंग मुळातच सदोष असेल तर तिथे तेलाच्या ब्रँडचा काय संबंध? आणि तेलानेच घात केला असेल, तर आम्हालाही ते कळू द्या, म्हणजे पुढच्या माणसाला आम्ही सावध करू. लेखी कारण असले, तर ग्राहकाला जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. जिथे तो राहतो तिथेच तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्कही नाही. नकार तोंडी दिला, तर त्याच्या हातात काहीच उरत नाही. तोंडी नकारावर सर्व्हिस सेंटरे खूश असतात ती यामुळेच, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

तिसरी गोष्ट आपल्या तेलाच्या बॅरलची. आम्हाला बाहेरच्या तेलाबद्दल धाक घातला जातो, पण आपल्याकडे गाडीत काय पडते, ते आम्हाला दिसत नाही. अनेक ठिकाणी मोठ्या बॅरलमधून पाइपाने तेल भरतात. गाडी आत, गिऱ्हाईक बाहेर बाकावर. बिलावर छापून येते 'इंजिन ऑईल' आणि रक्कम. कोणती ग्रेड, कोणती खूण, किती मिलिलिटर, कुठला बॅच, काही नाही. स्कूटर आणि मोटारसायकल दोन्ही जिथे येतात, तिथे एमबी आणि एमए२ ची बॅरले शेजारी असतील, तर चूक होणारच नाही, याची खात्री ग्राहकाला कोण देणार? बिलावर या चार गोष्टी छापणे संगणकाला अजिबात जड नाही. सीलबंद डबा मागणाऱ्याला डबा द्या, त्याच्यासमोर फोडा. लिटरच्या डब्यातले नऊशे मिलिलिटर लागले असतील, तर उरलेले त्याला परत द्या, टॉप-अपला उपयोगी पडेल. आणि तेल भरल्यावर पातळी त्याला दाखवा. काही गाड्यांत डिपस्टिक न फिरवता नुसती टेकवून पाहायची असते, काहींत काचेच्या खिडकीतून, गाडी सरळ उभी करून. हे एकदा दाखवले, तर तो माणूस घरी दर आठवड्याला स्वतः पाहील. तेल कमी असणे जितके वाईट, तितकेच खुणेच्या वर भरणेही वाईट, हे आजही बहुतेकांना माहीत नाही.

सीलबंद डबा ग्राहकाने स्वतः आणला, तर तो घालून द्या. ग्रेड आणि खूण तपासा, जुळत नसेल तर नकार द्या, जुळत असेल तर जॉब कार्डवर तशी नोंद करा. मजुरी घ्या. यात आपला अपमान नाही.

पहिल्या सर्व्हिसबद्दल मात्र मला थोडे कडक बोलायचे आहे. नव्या इंजिनात रिंग आणि बोअर एकमेकांना बसत असतात, धातूचा बारीक कीस तेलात येतो, म्हणून पहिले तेल पाचशे ते हजार किलोमीटरच्या आत कधीतरी बदलायला सांगतात. ते वेळेवर बदलणे इंजिनच्या पुढच्या आयुष्यासाठी फार मोलाचे आहे. हे आपण जीव तोडून सांगायला हवे. त्याऐवजी त्या दिवशी आमच्यापुढे इतर बाटल्यांची यादी येते. इंजिन ट्रीटमेंट, ऑईल ॲडिटिव्ह, फ्लश, कोटिंग. हजार किलोमीटरही न चाललेल्या इंजिनाला फ्लश कशासाठी? कित्येक पुस्तिकांत तर तेलात वेगळे ॲडिटिव्ह घालू नये असे स्पष्ट लिहिलेले असते, कारण त्याने क्लच घसरू शकतो. म्हणजे ज्या काउंटरवर बाहेरच्या तेलाने वॉरंटी जाते असे सांगतात, तिथेच कंपनीने मनाई केलेली बाटली विकली जाते. यात काउंटरवरच्या मुलाचा दोष मी धरत नाही. त्याच्यावर विक्रीचे टार्गेट असते, आणि ते ठरवणारे या पत्राच्या पत्त्यावर आहेत. हे टार्गेट बंद करा.

वेळेचेही असेच. पहिली सर्व्हिस अमुक दिवसांत किंवा अमुक किलोमीटरच्या आत, जे आधी येईल ते. लूमवर बारा तासांची पाळी असते. दिवसपाळीवाला सुटतो तेव्हा आपले शटर खाली, रविवारी बऱ्याच ठिकाणी बंद. चार दिवस उशीर झाला म्हणून वॉरंटीत खोट काढू नका. ठराविक सवलतीचे दिवस लिहून द्या. उधना-सचिन पट्ट्यात निदान एका सेंटरने संध्याकाळी उशिरापर्यंत फक्त तेल बदलण्याचे काम चालू ठेवले, तर लोक रांग लावतील.

भाषेबद्दल शेवटी लिहितो आहे, पण ती मागणी मला लहान वाटत नाही. पुस्तिका इंग्रजीत, फार तर हिंदीत मिळते. सुरत महानगरपालिका आपल्या प्राथमिक शाळा मराठीसकट अनेक माध्यमांत चालवते, कारण हे शहर कुणाच्या कष्टावर उभे आहे, ते तिला ठाऊक आहे. आपल्या गाड्या याच मुलांचे आईबाप घेतात. सगळी पुस्तिका नको, निदान तेलाचे एक पान आणि वॉरंटीचे एक पान गुजराती, मराठी, हिंदी आणि उडियात द्या. पुणे, वाळूज, चाकण इथे दुचाक्या बनतात. त्या कारखान्यांत मराठी येणारी माणसे शेकड्यांनी असतील, भाषांतराला अडचण यायला नको.

गाडीवाल्यांनाही, हे वाचत असाल तर, एक विनंती. पुस्तिकेतील तेलाच्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. बिल फेकू नका. त्यावर किलोमीटरचा आकडा लिहून घ्या. नकार मिळाला तर लेखी मागा, न दिल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन करा. जुने तेल घरी काढलेत, तर गटारात ओतू नका, गॅरेजच्या ड्रममध्ये द्या. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराची जबाबदारी नियमांनी तेल-उत्पादकांवर टाकली आहे, पण ते तेल ड्रममध्ये पोचले तरच त्याचा उपयोग.

महोदय, महोदया, आपल्यापैकी ज्या कंपनीचे मत माझ्यापेक्षा वेगळे असेल, आपल्याच ब्रँडचे तेल सोडून कुठल्याही तेलाने वॉरंटी जाते असे जिचे म्हणणे असेल, तिने ते कंपनीच्या कागदावर, पुस्तिकेतील कलमाचा क्रमांक देऊन, सहीनिशी प्रसिद्ध करावे. जिचे मत तसे नसेल, तिने आपल्या सुरतेतील सर्व्हिस सेंटरांना तसे लेखी कळवावे आणि त्याची प्रत काउंटरच्या काचेवर लावावी. दोन्हींपैकी काहीही केलेत, तरी पुढच्या आखाजीला गावाकडे निघणाऱ्या माणसाला आपण नेमके कुठे उभे आहोत, ते निघण्याआधी कळेल.

आपला,
डिंडोली, सुरत येथील एक मोटारसायकलस्वार